एकोणीस कान

फळ्यावर मी घडणी काढली होती,
पुस्तकात असते तशीच:
बारा पंचकोन, एकमेकांना कडेने धरलेले,
बाकी मोकळं.
टेबलावर मुलांनी आणलेले द्वादशफलक,
फेविकॉलने माखलेले,
एका अंगाला बसलेले, जत्रेहून परतल्यासारखे.

तेव्हा प्रांजलची आई आली, सुमित्रा धोत्रे.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
पुठ्ठ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं:
मिठाईचे खोके, बुटांचे, मुळव्याधीच्या गोळ्यांचे.
कारखान्याच्या जागी आता जिम आहे.
दारातूनच फळ्याकडे बघून म्हणाली,
"बाई, ह्याला कान कुठंयत?"

कान म्हणजे ती अरुंद पट्टी
जिला गोंद लागतो आणि जी मग कुणाला दिसत नाही.
माझ्या पुस्तकात ती पृष्ठ नाही, कड नाही,
शिरोबिंदू तर नाहीच.

गेल्या वर्षीचं बँकेचं कॅलेंडर काढून दिलं.
मागच्या कोऱ्या बाजूवर तिने
माझीच आकृती उतरवली, मग कान सोडले.
रिकाम्या रिफिलने रेघा दाबल्या,
फाटेल इतक्या नाही, विसरेल इतक्याही नाही.
मी शिकवायला गेले: एका टोकाशी तीन कोन,
एकशे आठ, एकशे आठ, एकशे आठ,
तीनशे साठाला छत्तीस कमी.
"मग उठणारच तो," ती म्हणाली,
"टेबलाशी छत्तीसचा आकडा."

अकरा पृष्ठं जुळली. वाटी झाली कागदाची.
"ह्यात काय भरायचं?"
काही नाही.
"मग बंद कशाला करायचं?"
घनफळ, मी म्हटलं,
आणि तो शब्द तोंडातच चिकट झाला.
"रिकामं कुणाच्या हातात देऊ नये, बाई."
तेवढ्यात मागच्या बाकावर मारामारी.
मी वळले, ओरडून आले,
तोवर झाकण बसलं होतं.

शेवटच्या झाकणाला
आतून बोट लावता येत नाही.
बाहेरून धरून बसायचं.
शंभर मोजायचे.
ती ओठांतल्या ओठांत मोजत राहिली,
घंटा झाली तेव्हा त्र्याहत्तरवर होती,
तरी हात सोडला नाही.

संध्याकाळी बसमध्ये हिशेब केला.
कडा तीस. घडीच्या अकरा.
उरल्या एकोणीस,
म्हणजे एकोणीस कान, सगळे आत वळलेले.
परीक्षेत हे विचारलं
तर उत्तरसूचीत काय लिहू?

बुधवारी भोईरमामा सांगत आले,
गणिताच्या कपाटाला मुंग्या लागल्यात.
रांग काचेच्या फटीतून आत,
शंकूला वळसा घालून,
मग तिच्या द्वादशफलकावर कडेकडेने वर,
त्या टोकापर्यंत
जिथे तीन कान जरा कमी मिटलेत.

उचलून हलवलं. आत काहीतरी
खुळखुळलं, एक खडा, फार तर दोन.

मामा पावडर आणायला निघाले होते.
राहू द्या, म्हटलं.