क्लस्टर क्रमांक अकरा

कामेरकर सरांनी आम्हाला पेन फिरवायला शिकवलं होतं.
वस्तीच्या मधोमध उभं राहायचं,
फॉर्मच्या पुठ्ठ्यावर पेन ठेवून गरकन फिरवायचं,
टोक जिकडे, तिकडे निघायचं.
याला नशीब नाही म्हणायचं, यादृच्छिकता म्हणायचं.
फिलोमिना डाबरेला तो शब्द शेवटपर्यंत जमला नाही.
ती म्हणायची, चला, पेनबाई काय सांगतायत बघू.

इलठणपाड्यात पेनबाईंनी टेकडी दाखवली.
खाणीची पांढरी धूळ पत्र्यांवर, पिंपांवर,
वाळत घातलेल्या झबल्यांवर.
खाली ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे कंपन्यांच्या काचा.
तीस वस्त्यांच्या यादीत ही अकरावी.
यादीतला आकडा जुन्या शिरगणतीचा,
तेव्हा टेकडीवर ही वरची ओळ
नव्हतीच.

पहिलं घर चिठ्ठी टाकून,
मग ज्याचं दार सर्वांत जवळ, ते.
एक ते दोन वर्षांची मुलं. सात झाली की उठायचं.
कुलूप असेल तर 'बंद' लिहायचं, संध्याकाळी परत चढायचं.

पहिल्याचं कार्ड पिठाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.
दुसरीचं उंदरांनी खाल्लेलं, तारखांच्या बाजूने.
तिसऱ्याच्या आईने सुया सणांवर मोजल्या:
एक नागपंचमीला, दोन गणपती बुडाल्यावर,
मग मी गावी होते बाई, अक्कलकोटला.
चौथा-पाचवा जुळे. एकाच्या डाव्या दंडावर
मसुरीएवढा व्रण, दुसऱ्याचा दंड गुळगुळीत.
'रडत होता म्हणून राहिला.'
सहावी झोपलेली.
सातवा माझं पेन सोडेना.

गोवराचा रकाना सातांचाही कोरा.
कारण विचारलं तर सातही घरांतून
तीच दरड, त्याच वाहून गेलेल्या पायऱ्या,
खालच्या समाजमंदिरात दर बुधवारी बसणारी तीच सिस्टर.
सात उत्तरं. एकच वाक्य.

शितावरून भाताची परीक्षा, हे खरं.
पण एकाच गोळ्यातली सात शितं दाबायची
आणि अख्खं पातेलं कच्चं म्हणायचं?
सर याला डिझाइन इफेक्ट म्हणतात.
शेजारी शेजाऱ्यासारखा असतो,
नळ एक, वारा एक, खोकला भिंतीपलीकडचाही आपलाच.
म्हणून सातांनी सातांएवढं सांगितलं असं धरायचं नाही,
हिशेबात ती साडेतीन.
फिलोमिनाने विचारलं, अर्धं कुठलं?
सर चष्मा पुसत राहिले.

आम्ही फॉर्म पिशवीत घातले, उतरायला लागलो,
तर वरून यल्लव्वाची हाक:
माझ्या पोराला का नाही लिहिलं?
कडेवर मल्लेश, चौदा महिन्यांचा, नाकाखाली धुळीची मिशी.
आमचे सात झाले, मी म्हटलं.
मग आठ करा की, ती म्हणाली. आठाला काय धाड भरलीय?

काय सांगणार?
की हाक मारणारी आई लिहिली तर
गप्प बसणारीवर अन्याय होतो?
की बाई, तू शेकडा दोन शेकडा आयांच्या वतीने
निवडली गेली नाहीस, एवढंच?
नियम बरोबर आहे. मी आजही नव्या मुलींना तोच शिकवते.
तेव्हा मात्र बाही वर केली
आणि मनगटावर लिहिलं: मल्लेश, गोवर नाही, वरची ओळ.

रात्री सिस्टरला फोन केला.
पाठवा ना, ती म्हणाली, बुधवारी.
खाली, समाजमंदिरात.

अहवालात एकसष्ट टक्के आले, अधिक-उणे नऊ.
मला वाटतं, त्या नवात कुठेतरी मल्लेश असेल.
फिलोमिना म्हणते, छे,
तो तुझ्या मनगटावर होता,
आणि दुसऱ्या दिवशी तू आंघोळ केलीस.