डोळा भरताना

बदनापूरच्या अलीकडे, रुळांना लागून,
एक रोपवाटिका होती. बाबा तिथं डोळे भरायचे.
म्हणजे जंभेरीच्या कोवळ्या खोडावर
चाकूनं चीर द्यायची, साल अलगद उचलायची,
आत मोसंबीचा एक डोळा सरकवायचा
आणि पट्टीनं गच्च बांधायचं.
दिवसाला तीनशे.

हजेरीबुकात नाव शांतवन खंडागळे.
चाकू खिशात असायचा, रविवारीही,
उपासनेला, स्तोत्रांच्या वहीला खेटून.

मी शब्बाथशाळेतली हुशार मुलगी.
मला जिथं तिथं धडा दिसायचा:
उघड्या ढेकळांत अंडी घालणाऱ्या टिटवीत विश्वास,
करडईच्या काट्यांत तो मुकुट.
लाल शाईनं लिहून बाबांना दाखवलं.
म्हणाले, "करडई हाय ती.
आधी तिला करडई राहू दे."

पाळकसाहेबांनी एकदा तो उतारा घेतला,
रानटी फांदी चांगल्या झाडाला जोडल्याचा.
ती फांदी म्हणजे आपण, ते म्हणाले,
आणि मागच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या.
परतताना सायकलवर बाबा बोलले,
"आपल्याकडं उलटं करतेत.
मूळ रानटी लागतं. तोंडात धरवत नाही इतकी आंबट जंभेरी,
पण या काळ्या मातीत तीच तगती.
गोडाला गोडाचं मूळ दिलं की सडतंय."
मग बराच वेळ नुसता चेनचा आवाज.
"लिवलेलं चूक नसंल.
देवबापाची नर्सरी येगळी असंल."

आणि ताण.
डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात.
पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात,
बघवत नाही.
मग एके दिवशी पाणी सोडतात
आणि पंधरा-वीस दिवसांत
अख्खी बाग पांढरी.

पाळकसाहेबांना हे फार आवडलं.
त्या हिवाळ्यात आई मिशनच्या दवाखान्यात होती.
तिच्या खाटेपाशी प्रार्थनेत ते म्हणाले,
प्रभूही असाच ताण देतो, बहरासाठी.
बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.
"साहेब, ताण मोजून देतेत.
रोज बागेत जाऊन पानं बघावी लागतेत.
चौथाई गळाली की पाणी. आठ दिवस उशीर झाला
तर फांदी वाळती."
एवढंच. आवाज न चढवता.
मग परत येऊन, आईच्या उशीवर गळलेले केस
एकेक उचलून रुमालात ठेवत बसले.
मोजत होते की काय, कळलं नाही.
केस मोजणारा दुसरा कुणी आहे,
असं आम्हाला पाठ होतं.

सुवार्ताबाई फेब्रुवारीत गेली.
कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडं कुणाची तरी बाग होती,
माती लोटताना वास आला.
मी सवयीनं धडा शोधला.
वास होता फक्त, गोड, जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी बाबा कामावर.
मी डबा घेऊन गेले. ते उकिडवे बसलेले,
गुडघ्याएवढ्या रोपांच्या ओळीत.
चीर देत होते, मान वळवत होते,
बाहीनं तोंड पुसत होते, पुन्हा चीर.
मला म्हणाले, "जखमेत पाणी जाऊ द्यायचं नसतंय."

"बाबा, यातले किती धरतील?"
"तीन हप्ते पट्टी सोडायची नाही.
आत हिरवं असलं तर हिरवं. काळं असलं तर काळं."
"मधीच थोडं उघडून पाहिलं तर?"
"मग हिरवं असलं तरी मरतंय."

डबा त्यांनी उघडला नाही.
परळीकडं जाणारी गाडी धडधडत गेली,
ओळीतली सगळी रोपं हलली,
त्यांच्या कमरेच्या पांढऱ्या पट्ट्या हलल्या,
आणि बाबा पुढच्या रोपाकडं
बसल्या बसल्याच सरकले.