पोटहिस्सा

माणगावहून पहाटेची पनवेल गाडी.
मांडीवर फाईल, फाईलमध्ये मी :
बायोप्सी, केमोच्या सहा पावत्या,
डावी बाजू काढल्याचा अहवाल
आणि विम्याचं पत्र, शुद्धलेखनाची एक चूक नसलेलं :
"सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने…"

सदर. असल्याने.
ही तर माझीच भाषा.
अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर सोळा वर्षं
भूमी अभिलेखात मी हीच टाइप करते,
लोकांच्या बांधांबद्दल.

खारघरला खोली घेतली, दिवसाला नऊशे,
गॅसचे वेगळे. नणंद हेमांगी सोबत,
तिनं घरून कुकर आणलेला.
घरमालक भोईर म्हणाले, इथं आमची भातखाचरं होती,
साडेबारा टक्के मिळाले.
उरलेल्याचं काय, हे मी विचारलं नाही.
ते विचारायचं नसतं, एवढं ऑफिसात शिकलेय.

विम्याच्या खिडकीवर निहाल, असेल चोवीसचा.
"ताई, फेरविचार होईल, पण खोली साधीच घ्या.
मर्यादा तीन हजार. चारची घेतलीत
तर सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतील."
प्रमाण मला कळतं.
नकाशा लहान काढला की विहिरीचंही टिंब होतं.
हातमोजे धरत नाहीत. कापूस धरत नाहीत.
टाक्यांनंतरची ती खास ब्रा, तीही नाही.
"मग धरतात काय?" हेमांगीनं विचारलं.
तो बिचारा खरंच विचार करत बसला.

या वयात कशाला, असं साहेब म्हणाले होते.
वाईट हेतू नव्हता.
सात-बारा मागायला येणाऱ्याला
आम्ही कधी विचारतो का,
जमीन कशाला हवी?

त्या सकाळी डॉक्टर कुरियनबाईंनी मला उभं केलं,
निळ्या पेनानं बेंबीखाली एक लांबट होडी काढली.
"एवढा भाग वर न्यायचा, त्याच्या रक्तवाहिनीसकट."
मॅडम, याला आम्ही पोटहिस्सा म्हणतो.
आधी मोजणी, मग हद्द, मग फेरफार.
त्यांनी विचारलं, आकार साधारण कसा हवा?
मी म्हटलं, आमच्याकडे आकार म्हणजे सारा,
रुपये-पैशांत असतो,
आणि पोटखराब्याला तो लागतच नाही.
त्या हसल्या. समजलं नसावं.

नऊ तास.
मग दर तासाला सिस्टर यंत्र टेकवून ऐकायची
नव्या जागी रक्त चालतंय का.
सायकलला हवा भरल्यासारखा आवाज.
रात्री तीनलाही. चारलाही.

चौथ्या दिवशी, कमरेला दोन बाटल्या लटकत असताना,
हेमांगीला अर्ज सांगितला :
महोदय,
सदर अवयव अर्जदाराच्या कब्जात
सत्तेचाळीस वर्षे विनातक्रार होता.
रोगामुळे तो संपादित करण्यात आला.
पर्यायी जागा अर्जदाराने
स्वतःच्याच क्षेत्रातून दिलेली आहे.
यात सौंदर्य नेमके कोठे वाढले
ते कृपया नकाशावर दाखवावे.
हेमांगी हसत सुटली, मीही,
आणि पोटाचे टाके असे ओढले गेले
की दोघी घाबरून गप्प.

बिल चार लाख बासष्ट हजार.
भावाचे ऐंशी, ठेव मोडली, बाकी पतसंस्था.
करार अकरा महिन्यांचा, हप्ते छत्तीस.
बसत नाही हे गणित. सही केली.

परतताना गाडी केली, भाडं नाही सांगत.
कळंबोलीला निहालचा मेसेज :
आपला अर्ज विचाराधीन आहे.
छातीवरून पट्टा गेलेला.
तो घट्ट झालाय हे मला
खाली बघून कळतं.

पेणच्या पुढे खड्डे सुरू झाले.
पोटाला एकूण एक कळला.
वर अजून
कुणी राहायला आलेलं नाही.