राऊतकीची वही

सात खाड्यांच्या साम्राज्यात
राऊत होणे सोपे नव्हते.
आधी घोडा हवा. तो दिवाडीवर आणायचा
म्हणजे तरीत चढवायचा,
आणि आमचे घोडे पाण्याला भीत.
डोळ्यांवर पंचा बांधून, कानात पुटपुटत,
कितीतरी उमेदवार पलीकडच्या धक्क्यावरूनच
घोड्यासह घरी गेले.

मग चिलखत.
डिचोलीचे कारागीर ते महिनाभर ठोकत,
खारी हवा पंधरवड्यात तांबूस करी.
म्हणून दर राऊतामागे एक तेल चोळणारा,
त्याला खोबरेल मोजून देणारा एक कारकून,
आणि त्या कारकुनावर नजर ठेवायला मी,
सोयरू नोंदणीस, वहीचा धनी.
साम्राज्ये अशीच वाढतात.

मग शपथा. एकूण दहा.
नऊ मला झोपेतही येतात:
शत्रूला पाठ न दाखवणे, मिठाला जागणे,
मिरवणुकीत आपल्या जागेपुढे न सरकणे, वगैरे.
दहावी वाळवीने खाल्ली,
माझ्या आधीच्या नोंदणीसाच्या काळात.
तेव्हापासून त्या जागी सारा दरबार गप्प राहतो,
खाडीपती तलवार खांद्याजवळ अधांतरी धरतो,
आणि कुणीतरी खोकते.
पुढे त्या खोकल्याचाही मान ठरला.
तो मान मिळावा म्हणून दोन घराणी भांडली.

भाद्रपदातल्या अवसेला उधाण चढले,
खाजनाचा बांध फुटला
मानशीच्या डाव्या अंगाला, हातभर.
कोरगुट नुकताच निसवला होता.

तेवीस राऊत टेकडीवर जमले, चिलखतासह.
चिलखताला खारे पाणी लागू देऊ नये,
हे कलम मीच वाचून दाखवले, मोठ्याने,
मशालीच्या उजेडात.
अक्षर माझेच. सुरेख आले होते.

खाली मानशीवाली शाबी
पेंढा, फाटक्या चटया, चिखलाचे गोळे घेऊन
भगदाडात उतरली होती.
तिच्यामागे मिठागरातला इनास, त्याची आई,
आणि चार पोरे, ज्यांची नावे
साम्राज्याच्या कुठल्याच वहीत नव्हती.
वही डोळ्यांसमोर होती तोवर
मला ती माणसे दिसली नाहीत.

सगळ्यात म्हातारा राऊत दुलबा.
त्याने छातीवरच्या पत्र्याला हात घातला.
कड्या गंजलेल्या, तेल चोळणारा झोपलेला.
माझ्याकडे बघत तो नुसता उभा राहिला.
बोरू तासायच्या सुरीने
मी त्याचे पट्टे कापले.

पत्रा घेऊन तो घसरत, शिव्या देत खाली गेला.
भोकात तो आडवा बसवला, वर शाबीचा चिखल.
पाणी जरा थांबल्यासारखे झाले.
दुलबाने वर बघून विचारले,
“दहावी हीच होती काय रे?”
मी म्हटले, “वाळवीला विचारा.”

पुढे दरबारात शाबीला राऊतकी देऊ केली.
ती आली तशीच, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
म्हणाली, “घोडा बांधू कुठे?
आणि रात्री भरतीला फळी कोण टाकील,
तुमचा तो खोकणारा?”
मागितले एवढेच, की पत्रा काढू नका.
तीन दिवस खल चालला.
पत्रा साम्राज्याची मालमत्ता होती,
पण तो काढायला राऊतांना खाऱ्यात उतरावे लागले असते.
अर्ज मंजूर झाला.

दुलबा त्या हिवाळ्यात गेला,
छातीवर नुसती घोंगडी घेऊन.
त्याच्या नावापुढे काय लिहावे
हे मला अजून सुचलेले नाही.

पत्र्याच्या पोकळीत आता खेकडे राहतात.
अवसेपुनवेला पाणी चढले की
आतून टकटक करतात.
मी बांधावर कंदील घेऊन बसतो,
वही उघडतो,
हजेरी मांडतो.