बी-दोनशेतीन

उलव्यात, अजून रंग न लागलेल्या इमारतीत
सेल्स ऑफिस तेवढं पूर्ण झालं आहे.
एसी असा की मी ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळली.
काचेच्या पेटीत आमची इमारत:
स्पंजची झाडं, निळ्या लाखेचा पोहण्याचा तलाव,
आणि एका बाल्कनीत नखाएवढी बाई.
ती कुणाची वाट बघते ते ब्रोशरमध्ये दिलेलं नाही.

शलाका नावाची मुलगी म्हणाली, दोनच उरलेत मॅडम.
ए-चौदाशेएक, पूर्वेचा, खाडी दिसते.
किंवा बी-दोनशेतीन. तिथून
(ती जरा थांबली)
पंपहाऊस दिसतं.

हर्षदने मोबाइलवर खाडीचा गुणाकार केला.
पुन्हा केला.
आकडा काही खाली बसेना.

मग शेडकार्ड निघालं, पत्त्यांच्या कॅटसारखं.
आयव्हरी मिस्ट. डेझर्ट सँड. कोस्टल ग्रे.
मी मनात माझी नावं ठेवत गेले:
ताकावरची निवळ,
भाजलेला रवा,
भाकरीची तव्याला चिकटलेली कड.
चौथा रंग थेट आमच्या लॅबमधल्या सकाळच्या नमुन्यांचा,
तो मी बोलून दाखवला नाही.

ओटा पांढरा घेऊ, हर्षद म्हणाला.
आणि हळद कोण पुसणार?
तो गप्प. मीही.
बारा वर्षं, पाच घरं, प्रत्येकाची भिंत पिस्त्याची.
अकरा महिन्यांच्या करारात खिळा बसत नाही,
कॅलेंडर आम्ही फ्रिजवर टेकवून ठेवायचो.
दार जोरात लागलं की महिना खाली पडायचा.
आता कुणी विचारतंय, मॅट हवं की ग्लॉसी,
तर जीभ जड होते,
जसं परक्या घरी कुणी विचारावं, अजून एक पोळी?

साइट बघायला दोन पिवळी हेल्मेटं मिळाली.
माझं डोळ्यांवर येत होतं.
लिफ्टच्या जागी आडवी फळी, मागे नुसता अंधार.
पुढे टॉर्च घेऊन वॉचमन, हसूराम घरत,
पायऱ्या न बघता चढणारा.
ए विंगपाशी तो म्हणाला, हितं उघारी व्हती.
भरतीला जितारं यायचं, हाताएवरं.
तक्रार नव्हती त्यात.
बस स्टॉप सांगावा तसं त्याने सांगितलं.

मी विचारलं, काका, दोन्हींतलं तुम्ही कुठलं घेतलं असतं?
मना कोन देतंय, म्हणून तो हसला,
टॉर्च विझवला, परत लावला.
मग दोनशेतीनच्या खिडकीच्या भोकातून
प्रकाश खाली पंपहाऊसवर टाकला.
थयं आमचा खला व्हता.
भात वारवायला जागा उगीच नाय निवरत कोन.

आम्ही थांबलो.
कोपऱ्यात सिमेंटच्या गोणीचा फाटका कागद होता.
आधी तो हलला,
मग माझी ओढणी,
मग हर्षदच्या हातातलं कोटेशन उडून
स्वयंपाकघर होणार त्या बाजूला गेलं
आणि तो ते उचलायला गेला नाही लगेच.

खाली येऊन सह्या केल्या.
ओटा: काळा ग्रॅनाइट.
फरशी: डेझर्ट सँड, म्हणजे रवा.
भिंती: याच्यावर आम्ही भांडलो, ते राहू दे.
पंपाचा आवाज किती येईल, शलाकाला माहीत नव्हतं.
हर्षदने विचारायचंही सोडलं.

फॉर्मच्या तळाशी 'विशेष सूचना', दोन ओळी कोऱ्या.
मी लिहिलं: हॉलच्या डाव्या भिंतीत एक खिळा.
कशासाठी? हर्षद म्हणाला.
अजून ठरलं नाही.

शलाकाने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.
मॅडम, खिळा पॅकेजमध्ये येत नाही.

असू दे, मी म्हटलं,
तो आमच्याकडे आहे.