टोकाचा मणी

दृढीकरणाच्या दिवशी बिशपांनी डोक्यावर हात ठेवला
तेव्हा मी पंधराचा होतो.
प्रमाणपत्र आईनं काचेत बसवलं,
दूधवाल्याच्या हिशोबाच्या कॅलेंडरशेजारी.
मला वाटलं, झालं.
मिसरूड फुटावं तसा विश्वास फुटला,
आता फक्त विंचरायचा.

चाळीस वर्षं विंचरला.
शरणपुरात माझ्याइतकी लांब प्रार्थना कुणाची नव्हती.
मी ‘हे दयाळू पित्या’ म्हटलं की
बायका मनातल्या मनात भाजी चिरून घेत,
मागच्या खोलीत उपासनेनंतरचा चहा
दोनदा उकळून निवत असे.
मंडळीचा खजिनदार. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

आणि बर्नबा पाठारे.
वार्षिक सभेत उभा राहून त्यानं विचारलं,
सुगीच्या लिलावाचे बाराशे रुपये
दोन महिने कुठं होते?
एवढंच. बसला खाली.
पंख्याचा आवाज तेवढा उरला.

मी त्याला क्षमा केली.
दर रविवारी केली, अकरा वर्षं,
चौथ्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.
तो चौथ्या बाकावर बसायचा.

मेव्हणा दिंडोरीचा, बागवाला.
गेल्या माघात व्यापारी यायच्या आदल्या दिवशी
मला मांडवाखाली घेऊन गेला.
मी वरचा मणी तोडून तोंडात टाकला,
म्हटलं, साखर आहे की, घाल कात्री.
तो म्हणाला, दाजी, खांद्याचे मणी सगळ्यांचेच गोड.
हा घ्या. अगदी खालचा.
सावलीतला, जमिनीकडं तोंड केलेला.
ह्याला शेवटी उतरते.
हा आंबट, तोवर घड कच्चा.
म्हसरूळ येईपर्यंत माझे दात आंबलेले होते.

मग एप्रिलात कळलं, बर्नबा सिव्हिलला आहे.
उजवी बाजू गेलेली. बायको आधीच गेलेली.
पोरगा सुरतेला.
मी जाताना रिक्षात क्षमेचं भाषण
दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

खाट सतरा.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं.
म्हणाला, नखं वाढलीत रे शमुवेल.
चादरीला अडकतात.

खाली मेडिकलमधून नेलकटर आणलं.
त्याचा उजवा हात उचलला.
ओल्या धुण्यासारखा जड.
ह्याच हातानं तो सुगीच्या सणाला
भोपळे, कोंबड्या, कोथिंबिरीच्या जुड्या
उंच धरून बोली लावायचा.
अंगठा. तर्जनी. मधलं बोट.
भाषण कुठल्या बोटावर संपलं, कळलं नाही.
करंगळीशी आलो आणि तोंडातून निघालं,
बर्नबा, ते बाराशे माझ्याकडंच होते.
लेकीची फी भरायची होती.
नंतर ठेवले परत. पण होते.

ठाऊक होतं, तो म्हणाला.
शेजारचा म्हातारा खोकत होता, खोकून झाला.
तू सांगशील म्हणून बसलो होतो मी.
आता डावा घे.

मी डावा घेतला.
मान वर करवेना, आणि एक बरं,
नखं कापताना मान खालीच असते.

निघताना म्हणाला, प्रार्थना कर.
पण लांबवू नको,
साडेसातला जेवणाची गाडी येते.

डोळे मिटले.
प्रभो, हा बर्नबा.
हा मी.
पुढं काही सुचेना.
आयुष्यात पहिल्यांदा सुचेना, आणि लाजही वाटेना.
आमेन त्यानंच म्हटलं,
वाकड्या तोंडातून, थोडं सांडत.

घरी आल्यावर ते प्रमाणपत्र पाहिलं.
काचेच्या आत कसर लागलीय,
माझ्या नावाचं एक अक्षर खाल्लंय तिनं.
असू दे.

नेलकटर सदऱ्याच्या खिशातच आहे.
गुरुवारी पुन्हा जायचंय.
पायांची राहिलीत.