सदतीस

गंगाखेडच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे सर
हजेरी घेतात तशी
जशी मोंढ्यात पोती मोजतात.
मान खाली, पेन चालू.
पस्तीस. छत्तीस. सदतीस.

सदतीस मी.
'हजर'मधला ह म्हणजे नुसता श्वास,
असं तुम्हाला वाटत असेल.
मला तो रेल्वेचं फाटक आहे.
मालगाडी सरता सरत नाही,
तोवर सर चाळिशीत पोचलेले.

'येस सर'ही करून पाहिलं.
ये, ये, ये...
मागून कुणीतरी म्हणालं,
"शेळीला बोलावतो का बे?"
हात वर केला.
वर बघितलं तर दिसणार ना.

परभणीला डॉक्टरांनी विचारलं, नाव काय?
ज्ञ पाशीच रांग खोळंबली.
"बोलता तर येतंय की," ते म्हणाले,
"याला आमच्याकडं रकाना नाही."
कॉलेजातले क्लार्क जाधवर काका म्हणाले,
"सवलतीला चाळीस टक्के लागतात, परीक्षेला पंच्याहत्तर."
माझी हजेरी एकतीस, अपंगत्व शून्य.
दोन्हीकडून नापास.

खरं तर फाट्यापासून घरापर्यंत
दोन्ही बाजूंच्या जवारीला मी रोज सांगतो,
हजर हजर हजर.
एकदाही अडत नाही.

अडतीस म्हणजे पठाण शगुफ्ता.
एका मंगळवारी सरांनी अडतीस म्हटलं
आणि ती गप्प.
बुधवारी गप्प. गुरुवारी गप्प.
शनिवारी सरांचं पेन थांबलं.
"पहिल्या बाकावर बसून तोंडात मूग धरलेत का?"
ती उभी राहिली.
"सर, सदतीसचं झालं नाही अजून."

पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.
साठ माना माझ्याकडं.
त्या दिवशी ह ला लागला तेवढा वेळ
आयुष्यात कधी लागला नव्हता.
सर थांबले. घड्याळ बघत, पण थांबले.

महिनाअखेर यादी लागली, कमी हजेरीची.
पटणे ज्ञानोबा, चौतीस.
न अडखळता छापलेलं.
खाली पठाण शगुफ्ता, चौऱ्याहत्तर.

स्टँडवर तिची सोनपेठ गाडी लागली होती.
थँक्यू म्हणायला गेलो
आणि थ पाशीच रुतलो.
कंडक्टरनं दोनदा बेल मारली.
गाडी गेली.
ती कॅरीबॅगमधल्या शेंगा सोलत
उभीच होती.